नडगी, घोटा आणि १६०० मीटर: भरतीच्या पोरांसोबतच्या प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२४, दहिवडी

पोलीस भरती निघाली. राज्यभरात १७,४७१ जागा. ५ तारखेपासून फॉर्म भरणं सुरू झालं आणि आमच्या माण तालुक्यात जिथं जिथं सपाट जमीन आहे तिथं पोरं पळायला लागली. क्लिनिकमध्ये सध्या तरुण पेशंट आला की तक्रार ठरलेली: "मॅडम, नडगी दुखतीय." म्हणून आज सकाळी थेट ग्राउंडवरच गेले. अकॅडमी चालवणारे निवृत्त सुभेदार ओळखीचे आहेत. त्यांना म्हटलं, पोरं माझ्याकडं लंगडत येण्यापेक्षा मीच इकडं येत जाते, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी होईपर्यंत. ते म्हणाले, "या की. पण पळणं बंद करा सांगायला येणार असाल तर नका येऊ."

अट मान्य केली. मलाही तेच हवं होतं. पळणं चालू ठेवून दुखणं कसं आवरायचं, एवढाच या प्रकल्पाचा विषय. पैसे कुणी देत नाही, चहा सुभेदार पाजतात.

बाहेरच्या वाचकासाठी हिशेब: मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५), मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं की पैकीच्या पैकी. निम्मे गुण पडल्याशिवाय लेखीचं दार उघडत नाही, आणि तिथंही एका जागेमागं दहाच जण आत. त्यामुळं "आठवडाभर आराम कर" हे वाक्य इथं शिवीसारखं ऐकलं जातं.

सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं, जिथं दुखतं तिथं हात ठेवा. निम्म्याहून जास्त पोरं वाकली आणि हात नडगीवर गेले. उरलेले गुडघ्याच्या वाटीवर, टाचेवर, गोळा टाकणाऱ्यांचे खांद्यावर. दोघांनी कुठंच हात ठेवला नाही. सुभेदार शेजारी उभे होते, म्हणून असेल.

पोरांचा दिवस असा: पहाटे पाचला फलटण रस्त्यावर डांबरावरून पळणं, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर फेऱ्या आणि गोळा, मध्ये अभ्यासिका, रात्री अकरा-बाराला झोप. जुनी पोरं यात मुरलेली आहेत. जाहिरात आल्यावर दाखल झालेली पोरं मात्र शून्यावरून एकदम दोन वेळच्या पळण्यावर गेलीत. दुखणारे बहुतेक यातलेच.

नोंदींत कुणाचंही नाव लिहिणार नाही.

१४ मार्च

आज फक्त नडग्या बघितल्या.

तपासायची पद्धत साधी आहे. पोराला पायरीवर बसवायचं, पाय सैल सोडायला लावायचा आणि नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने खालून वर दाबत यायची. घोट्याच्या थोडं वर सुरुवात, मग बोट-बोट अंतराने गुडघ्याकडं. आठ-दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात सगळीकडं थोडं थोडं दुखतं, पळायला लागल्यावर जास्त, अंग तापलं की कमी आणि थांबल्यावर पुन्हा ठणका: ही नेहमीची नडगीदुखी, जिला सगळे शिन स्प्लिंट म्हणतात. पोटरीचे स्नायू आणि हाडावरचं आवरण यांच्यावर झेपेल त्याहून जास्त ओढ पडते आणि हाडही आतून कुरकुरायला लागतं.

दुसरा प्रकार वेगळा. अंगठा वर येत असतो, पोरगा गप्प असतो आणि एका ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पाय झटकन मागं घेतो. त्या पायावर एकट्याने उडी मारायला सांगितली तर मारत नाही, मारली तर तोंड वाकडं करतो. रात्री झोपेतही ठणकतं म्हणतो. तिथं हाडाला बारीक तडा असण्याचा संशय धरायचा आणि पळणं त्या क्षणी थांबवायचं. एक्स-रे काढून "काही नाही" असा रिपोर्ट आला तरी निर्धास्त होऊ नये, कारण पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसतो. नडगीच्या पुढच्या धारेवर, मध्यावर असं दुखणं असेल तर ते जास्त वाईट: तिथलं हाड सावकाश भरतं आणि पुढं पूर्ण मोडायची भीती असते. पळणाऱ्याच्या जांघेत खोल दुखत असेल तर खुब्याच्या हाडाची शंका घ्यावी आणि हाडांच्या डॉक्टरांकडं त्याच दिवशी पाठवावं.

आज सगळे पहिल्या प्रकारातले निघाले. एका मेंढपाळाच्या पोराने विचारलं, "दुकतंय पर पळतुया की मॅडम, मग काय बिघडलं?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर पुढच्या वेळी सगळ्यांनाच देणार आहे.

२० मार्च

प्रत्येकाला शंभर पानी वही आणायला सांगितली. रोज तीनच गोष्टी लिहायच्या: किती पळलो, पळताना दुखणं दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना किती.

नियम असा. पळताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी कालच्यापेक्षा वाढलेलं नसेल, तर त्या दिवशीचं पळणं पचलं. तेवढंच पुन्हा करा, आठवड्याने थोडं वाढवा. चार-पाच गेलं तर अंतर कमी. त्याच्या वर गेलं किंवा चालताना लंगडायला झालं, तर पळणं बंद आणि मला दाखवा. मेंढपाळाच्या पोराचं उत्तर हेच आहे: दुखत असताना पळता येतं, पण किती, ते दुसरी सकाळ सांगते.

सुभेदारांशी मात्र तासभर वाद झाला. त्यांचं म्हणणं, फौजेत असले लाड नव्हते. माझं म्हणणं, हाड ताण पडला की आधी स्वतःचा थोडा भाग खरवडून काढतं आणि मग त्या जागी नवा, जास्त पक्का भाग भरतं. खरवडणं लवकर होतं, भरणं आठवडे घेतं. रस्ता उकरून ठेवलाय आणि डांबर पडायच्या आधी त्यावरून उसाच्या गाड्या सोडल्या तर खड्डेच पडणार. हे त्यांना पटलं, कारण तालुक्यात असा एक रस्ता आम्ही दोघंही रोज बघतो.

ठरलं ते असं. नव्या पोरांनी एक दिवसाआड पळायचं, मधल्या दिवशी सायकल किंवा ताकदीचा व्यायाम. डांबरावरचं पळणं निम्मं करून बाकी मैदानावर. मैदानावरच्या फेऱ्या एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून. दोनशे मीटरच्या छोट्या वर्तुळात कायम एकाच बाजूला वळत राहिलं की आतल्या आणि बाहेरच्या पायावर वेगवेगळा ताण बसत राहतो. माणगंगेच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत पळायची फॅशन बंद. "वाळूत दम वाढतो" हे खरं आहे, पण टाच खोल रुतते आणि पोटरी व टाचेची शीर ताणून ताणून बेजार होते. ज्याची नडगी आधीच दुखतेय त्याने तिकडं फिरकूच नये.

आणि पोटरीचा व्यायाम. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाचा वर, मग सावकाश खाली. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याने केलं की पोटरीचा आतला, खोलवरचा स्नायू काम करतो. पळताना त्या एकट्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, आणि भरतीच्या तयारीत त्याचा व्यायाम कुणीच करत नाही. एका पायावर न थांबता पंचविसाच्या आसपास टाचा उचलता याव्यात, ही माझी अपेक्षा. आज नव्या पोरांतले बरेचसे पंधराच्या आत थकले. पळण्याचा वेग भारी, पोटरी कच्ची.

२८ मार्च

मैदानाच्या कडेला खड्ड्यात पाय पडून एकाचा घोटा मुरगळला. मी पोहोचेपर्यंत घरच्यांनी हळद-चुन्याचा गरम लेप लावून वर कापड गुंडाळलं होतं, आणि गावातल्या हाडवैद्याकडं "शीर बसवायला" न्यायची तयारी चालली होती.

लेपावरून भांडण काढलं नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम लेप, गरम पाणी, जोरात चोळणं, ओढून "बसवणं" या चारही गोष्टी सूज वाढवतात, एवढं घरच्यांना स्पष्ट सांगितलं. आजीबाईंनी विचारलं, "मग लावायचं तरी काय?" दाबपट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा, दुखणं फार असेल तर कापडातून बर्फ दहा-पंधरा मिनिटं. बर्फाचं आता पूर्वीइतकं कौतुक राहिलेलं नाही. १९७८ साली डॉ. गेब मिर्किन यांनी आराम, बर्फ, दाब, उंच ठेवणं हे सूत्र लोकप्रिय केलं, आणि पुढं त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणं लांबू शकतं. वेदना कमी करायला बर्फ ठीक आहे, त्यापलीकडं त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

एक्स-रे लागतो का, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावा शहरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी नियम बसवले. ते मी ग्राउंडवरच वापरते. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यावर दुखतं का? पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या हाडाच्या बुडाशी दुखतं का? पायाच्या कमानीच्या वरच्या बाजूला, आतल्या कडेच्या हाडावर दुखतं का? मुरगळल्यावर लगेच आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एकही "हो" असेल तर एक्स-रे. सगळी "नाही" असतील तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी.

पोराने लंगडत का होईना चार पावलं टाकली, हाडावर कुठं दुखलं नाही. घोट्याच्या पुढच्या बाहेरच्या लिगामेंटला, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला इजा. आत वळून मुरगळलेल्या घोट्यात सगळ्यात आधी तेच सापडतं.

आता खरं काम. तिसऱ्या दिवसापासून आधार घेऊन चालायचं, पायाने हवेत बाराखडी काढायची, सूज उतरली की एका पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे, मग मिटून, मग कुणीतरी चेंडू टाकायचा आणि तो झेलायचा. सूज गेली की पोरं बरं झालं समजतात, आणि दोन महिन्यांनी तोच घोटा पुन्हा मुरगळतो. लिगामेंट दुखावलं की पाय कुठं वळलाय याचा अंदाज मेंदूला उशिरा लागतो. तो अंदाज परत शिकवावा लागतो, लेपाने येत नाही. पळायला परवानगी केव्हा, याची माझी कसोटी: दुखऱ्या पायावर न दुखता लंगडी घालता आली पाहिजे, पुढं, मागं आणि दोन्ही बाजूंना.

९ एप्रिल, गुढीपाडवा

ग्राउंड रिकामं असेल असं वाटलं होतं. दहा-बारा जण होतेच. पुरणपोळी संध्याकाळी खाणार म्हणे. वह्या तपासल्या. निम्म्यांनी रोज तंतोतंत "दुखणं: ०" लिहिलंय, ज्यांना मी डोळ्यांनी लंगडताना बघितलंय त्यांनीसुद्धा. सुभेदारांसमोर जाहीर केलं की वही ते बघणार नाहीत, फक्त मी बघणार.

१६ एप्रिल

शंभर मीटरला एकाची मांडी मागून "तुटली". त्याचाच शब्द. साठेक मीटरवर पाठीमागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं, असं म्हणाला. हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या दुखापतीत लोक असंच सांगतात. पूर्ण वेगात पाय पुढं फेकून जमिनीवर टेकवायच्या आधीच्या क्षणी मांडीमागचा स्नायू लांबलेला असतो आणि त्याच अवस्थेत त्याला पायाला ब्रेक लावायचा असतो. बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा स्नायू फाटतो.

स्नायूत खड्डा लागला नाही, काळंनिळं कमी, गुडघा वाकवून दाब दिला तर दुखतं पण जोर लागतो. मध्यम दर्जाची दुखापत.

इथं मोह होतो तो ताणण्याचा. पोरं फाटलेल्या मांडीला पहिल्या दिवसापासून पाय कठड्यावर टाकून ताण देतात, कारण "आखडलंय". आखडलेलं असतं ते संरक्षणासाठी. पहिले चार-पाच दिवस चालणं आणि हलकं काम. मग पाठीवर झोपून टाचा जमिनीत रोवून कंबर उचलणं: आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग टाचा हळूहळू लांब सरकवत. त्यानंतर एका पायावर उभं राहून पुढं वाकणं, पाठ सरळ ठेवून. स्नायू लांब होत असताना जोर लावायला शिकवणं महत्त्वाचं आहे, कारण फाटतो तो त्याच अवस्थेत. पळणं परत सुरू करायचं ते टप्प्याने: निम्म्या वेगाने, मग तीन चतुर्थांश, आणि पूर्ण वेग सगळ्यात शेवटी. शंभर मीटर तीन आठवड्यांत पुन्हा मारीन म्हणाला. मी होही म्हटलं नाही, नाहीही नाही. वही बघू.

बाकी सगळ्यांसाठी आजपासून एक व्यायाम सक्तीचा केला. चटईवर गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि शरीर सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढं पडायचं, शेवटी हात टेकायचे. नॉर्डिक म्हणतात याला. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत यामुळं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झालेल्या आहेत. पहिल्या आठवड्यात सेटला पाच पुरे. पहिल्याच दिवशी पंधरा करणाऱ्याला दोन दिवस शौचालयात बसता येत नाही, हे आधीच सांगून ठेवलं. तरी दोघांनी केलेच.

२४ एप्रिल

गोळा. मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. खांदेदुखीवाल्या सहा जणांना टाकताना बघितलं. चौघे गोळा तळव्यात घट्ट धरतात, त्यामुळं मनगट मागं वाकतं आणि दुखतं. गोळा बोटांच्या मुळांशी, मानेला चिकटून असायला हवा. कोपर खाली पडलं की गोळा फेकला जातो, ढकलला जात नाही, आणि भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. ताकद पायांतून आणि कंबरेच्या वळण्यातून यायला हवी. ती येत नसेल तर खांदा एकटा राबतो. हे शिकवणं खरं तर प्रशिक्षकाचं काम, पण सुभेदार स्वतःच म्हणाले, "गोळ्यातलं मला एवढं कळत नाही." त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी रबरी पट्टा हवा होता. विकतचा महाग. सायकलच्या दुकानातून पंक्चर झालेल्या ट्यूब फुकट मिळाल्या. उभ्या चिरून ग्राउंडच्या लोखंडी खांबाला बांधल्या. कोपर अंगाशी चिकटवून, मध्ये घडी केलेला टॉवेल दाबून धरून, हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. पंधराचे तीन सेट, एक दिवसाआड. टॉवेल पडला तर मोजायचं नाही.

ज्याला हात डोक्यावर उचलताच येत नाही किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही असा एक होता. त्याचा गोळा तीन आठवडे बंद, धावणं चालू.

२ मे

आज राग आला, म्हणून लिहून ठेवते. बाजारपेठेतल्या एका ठिकाणी पोरं पळायच्या आधी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेऊन येतात. सोबत "ताकदीचं" म्हणून आणखी काहीतरी टोचतात. त्या बाटलीवर काय होतं ते एकालाही सांगता आलं नाही.

दुपारी पारा चाळिशीला टेकतोय. घामाने पाणी गेलेल्या शरीरात वेदनाशामक औषध मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतं आणि ती निकामी व्हायची भीती राहते. दुसरं म्हणजे, वहीचा सगळा हिशेब दुखण्यावर चालतो. दुखणंच बधिर केलं तर तडा जाईपर्यंत कळणार नाही. पोटात अल्सर असलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. पोरांना ओरडले नाही. सुभेदारांनी मात्र त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि ती भाषा इथं लिहिता येणार नाही.

पळण्याची वेळ साडेचारवर आणली. संध्याकाळचं सत्र सूर्य मावळल्यावर. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, ही खूण सगळ्यांना समजते आणि विनोदालाही पुरते. घामाने मीठही जातं, म्हणून लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी.

७ मे

मतदान. शाळेत बूथ, मैदान बंद. पोरं परस्पर डांबरावर गेली. उद्या नडग्या दुखणार.

१५ मे

दुसऱ्यांदा भरती देणारी एक मुलगी. ८०० मीटर तिचं बलस्थान. उजव्या नडगीत दुखतंय म्हणून थांबली होती. अंगठा वर नेत गेले आणि एका जागी तिने माझा हातच धरला. जागा नाण्याएवढी. उडी मारवेना. आठवडाभर रात्री जाग येते म्हणाली.

बाजूला घेऊन बाकीचं विचारलं. वजन दोन महिन्यांत पाच किलो उतरलंय. "पोट हलकं असलं की पळायला बरं" म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय. पाळी जानेवारीपासून आलेली नाही. आईला सांगितलं नाही, कारण "बरंच झालं, पळताना कटकट नाही."

यावर प्रत्येक अकॅडमीने स्वच्छ बोलायला हवं. खाणं खर्चापेक्षा कमी पडायला लागलं की शरीर आधी पाळी बंद करतं. इस्ट्रोजेन घसरतं, हाड भरून यायचा वेग घसरतो आणि पळणं तेवढंच राहतं. तीन महिने पाळी न येणं हा तक्रारीचा विषय आहे, सोयीचा नाही. हाडांच्या डॉक्टरांकडं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडं दोन्ही चिठ्ठ्या दिल्या, रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड सुचवलं.

एमआरआय साताऱ्याला झाला. नडगीच्या मागच्या आतल्या कडेला तडा, पूर्ण न फाटलेला. ही जागा सहसा नीट भरून येते, हे त्यातल्या त्यात बरं. पण सहा ते आठ आठवडे पळणं नाही. यंदाचं ग्राउंड गेलं. ती रडली नाही, तिची आई रडली.

याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळल्या आणि दहाव्या आल्या. या ग्राउंडवर त्यांचं नाव रोज निघतं. मी मुलींच्या गटाला एवढंच म्हटलं की तिथपर्यंत रिकाम्या पोटी कुणी जात नाही. रात्रीची भाकरी, डाळ, अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ हा तयारीचाच भाग धरायचा. मुलींच्या वहीत आजपासून चौथा रकाना: पाळीची तारीख.

२९ मे

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणारे. जिना उतरताना, उकिडवं बसताना, बराच वेळ गुडघा वाकवून अभ्यासिकेत बसल्यावर. "गादी गेली का?" असं प्रत्येक जण विचारतो. गादी गेली असेल तर बहुधा गुडघा अडकतो, सुजतो, वळताना एका बाजूला चमक येते. यांचं तसं काही नाही. वाटीमागच्या सांध्यावर भार जास्त पडतोय.

दोघांची पावलं मोजली: मिनिटाला १५६ आणि १६०. लांब ढांगा टाकतात, टाच शरीराच्या बरीच पुढं आपटते. त्याच वेगात पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की ढांग आखूड होते आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. मोबाइलवर १७० चा टिकटिक ठोका लावून पळवलं. एकजण म्हणाला, "बायकांसारखं पळल्यागत वाटतंय." दुसऱ्या फेरीनंतर मात्र वाटीचं दुखणं चारावरून दोनावर. सोबत मांडीचा पुढचा भाग आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट करणं आहेच.

टाचेखाली सकाळची पहिली पावलं दुखणारा एकच उरलाय. त्याला पायरीवर टाच उचलताना बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगितली, म्हणजे तळव्याचा पट्टा ताणलेला राहतो. एक दिवसाआड, सावकाश. याला महिने लागतात. भरतीआधी पूर्ण थांबणार नाही, पण आटोक्यात राहील.

पोटरीची चाचणी पुन्हा घेतली. वही प्रामाणिकपणे लिहिणारे जवळपास सगळे पंचविसाच्या पुढं गेलेत. नवीन नडगीदुखी या महिन्यात फारशी आली नाही.

१० जून

ग्राउंड १९ जूनपासून, हॉलतिकिटं येऊ लागली. आता ताकद वाढवायला वेळ राहिलेला नाही, फक्त थकवा उतरवायचा. शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर, वेग तोच. घबराटीत दोन वेळा पळणारी पोरं सुभेदारांनी स्वतः हाकलून खोलीवर पाठवली. मार्चमधले सुभेदार ते हेच का, असं मनात आलं.

मांडीवाला पंचाण्णव टक्के वेगाने पळतोय, न दुखता. नॉर्डिकमध्ये दोन्ही पायांत फरक दिसत नाही. त्याला जा म्हटलं.

चाचणीच्या दिवसासाठी सगळ्यांना सूचना: रांगेत तासन्‌तास बसावं लागतं, अंग गार पडतं. नाव पुकारायच्या आधी दहा मिनिटं उभं राहून जागेवर पळणं, पाय पुढं-मागं झुलवणं, दोन-तीन छोट्या धावा. बसून लांब ताण देत राहू नका, तेवढ्याने दुखापत टळत नाही. आणि नवे बूट घालून जाऊ नका.

२२ जून

पाऊस. काही जिल्ह्यांत चिखलामुळं चाचणी पुढं ढकलली, पोरं स्टँडवर आणि मंदिरात झोपली. घोटे ओल्या मैदानावर घसरतात म्हणून ज्यांना आधी मुरगळलेलं आहे त्यांना पट्टी बांधायला शिकवलं होतं. फोनवर व्हिडिओ कॉल करून एकाला पुन्हा शिकवली. मांडीवाल्याने शंभर मीटर मारलं, मांडी शाबूत, गुण अपेक्षेपेक्षा एकाने कमी.

४ जुलै

बहुतेकांचं ग्राउंड झालं. कुणाला किती पडले ते त्यांचं त्यांच्यापाशी. माझ्या वहीपुरतं: मार्चनंतर अकॅडमीत नव्याने आलेली एक हाडाची तडा-दुखापत, एक मांडी, एक घोटा. बाकीच्यांना दुखण्यामुळं चाचणी सोडावी लागली नाही.

नडगीवाल्या मुलीला आज तपासलं. हाडावर दाबलं तर दुखत नाही, एका पायावर दहा उड्या न दुखता. पाळी गेल्या महिन्यात आली, वजन तीन किलोंनी वाढलंय. पुढची योजना लिहून दिली: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड, मातीवर. दोन आठवडे न दुखता झालं तर पळणं दोन मिनिटं. तिला स्वतःहून एक प्रश्न पडला: "सायकलवर मात्र रोज चालेल ना?" चालेल, जेवून.

सुभेदारांनी पुढच्या बॅचच्या प्रवेशअर्जाला दोन गोष्टी जोडल्यात. एक, पहिले चार आठवडे दिवसाआडच पळणं, अपवाद नाही. दोन, शंभर पानी वही स्वतःची आणायची. ट्यूब खांबाला तशाच बांधलेल्या आहेत. दोन उन्हाने कडक झाल्यात, सायकलवाल्याला नव्या सांगून ठेवल्या.